घरची ओळ

कोबीचे गड्डे चिरून संपले तरी शिवप्रियाला एकही अळी सापडली नाही, आणि त्या वेळी तिला त्याचा आनंदच झाला.

घरच्या कोबीत असं सहसा होत नसे. मळ्यात कुठलंही पीक असो, बांधालगतची एक ओळ घरच्यासाठी राखलेली असायची. ओळीच्या दोन्ही टोकांना तुराटी रोवून तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे, आणि त्या चिंधीपाशी फवारणाऱ्याचा पंप बंद व्हायचा. घरात पहिला पंप आला त्या सालापासूनचा हा रिवाज. घरची ओळ खुरटी, भोकाभोकांची, अर्धी अळ्यांनी खाल्लेली. तिच्या पलीकडं पसरलेला मळा मात्र गुळगुळीत, हिरवागार. तो बाजाराचा. आसपासच्या मळ्यांतही असंच असायचं, आणि त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे.

सकाळी शिवप्रियानं चुलतभावाला, शिवलिंगला, निरोप धाडला होता की घरच्या ओळीतले मोठे गड्डे पाठव. पाटीतून आले ते फोटो काढावेत असे. थंडीनं अळी मेली असेल, असा तिनं निष्कर्ष काढला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या आणि सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणाऱ्या मुलीनं एवढ्यावर निष्कर्ष काढायला नको होता. पण आज तिचं सगळं चित्त शेगडीवर होतं.

"काय म्हणायचं ह्याला?" उकडलेले बटाटे सोलता सोलता तिच्या आईनं, मल्लम्मांनी विचारलं.

"रंबलडीथंप्स, अव्वा."

"पुन्हा म्हण."

"रंबल. डी. थंप्स."

"नाव घेऊस्तोवर भूक मरंल माणसाची."

दाराशी पुरणाचं पातेलं घेऊन बसलेल्या थोरल्या काकू, शिवलिंगची आई शरणम्मा हसल्या. "बटाट्याची भाजी अन् कोबीची भाजी एकात कालवायची. आमच्याकडं असलं म्हशीच्या घमेल्यात जातंय."

"उरल्यासुरल्याचाच पदार्थ आहे तो, मोठी अव्वा," शिवप्रिया म्हणाली. "तिकडच्या, स्कॉटलंडातल्या गरिबाघरचा. रात्रीचा बटाटा, रात्रीची कोबी, वर चीज घालून भट्टीत."

"मग तुझ्या वैनीला गरिबाघरचे डोहाळे का लागले? तुझा भाऊ तिकडं मोठा इंजिनियर ना?"

मल्लम्मा बटाटे सोलत राहिल्या. दिवाळीपर्यंत असं वाक्य या स्वयंपाकघरात पडलं असतं तर दोन चुली दोन दिवस गार राहिल्या असत्या. शिवप्रियाचे वडील गेल्यापासून त्यांच्या हिश्श्याची जमीन मोठे अप्पा म्हणजे थोरले काका महांतप्पाच कसत होते, आणि वाटणीचा विषय निघाला की घरातली माणसं एकमेकांकडं पाठ करून जेवत. सगळं जरा सांधलं गेलं ते वहिनी, समृद्धी, घरी आल्यापासून. मागच्या साली डंडीला पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं होतं. या खेपेला दिवस राहिल्यावर भावानं, शंभुलिंगनं तिला मुद्दाम घरी पाठवलं. ती आली आणि शरणम्मांनी आपणहून तिची वेणी घातली, मोठ्या अप्पांनी तिच्यासाठी शहाळी मागवली. आता सातवा लागला होता. आज डोहाळजेवण, उद्या माहेरी, बसवकल्याणला.

आणि तिला डोहाळे लागले होते ते डंडीत शेजारीण करून द्यायची त्या पदार्थाचे. धपाटे नको, चिंच नको. "मऊ असतं हो," ती नणंदेला म्हणाली होती, "वरनं करपलेलं, आतनं मऊ. मला सपनात वास येतो." मल्लम्मांनी लगेच फर्मान काढलं. डोहाळा राहिला की पोराच्या तोंडाची लाळ थांबत नाही. काय हवं ते करा, पण करा.

शिवप्रियानं कोबी लोण्यात परतली. ती मऊ होऊन पारदर्शक झाली, कडेला तांबूस डाग पडले, तेव्हा कुस्करलेल्या बटाट्यात मिसळली. वर चीज किसलं. मीठ बघायला एक चमचा तोंडात घातला. शरणम्मांचा नानकटाईचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन माळ्यावरून काढला होता, त्यात पातेलं ठेवलं. थोड्या वेळानं चीजचा खरपूस वास सोप्यापर्यंत गेला आणि तिथल्या बायका गाणं थांबवून विचारू लागल्या की आत काय जळतंय.

पहिला मान पोटुशीचा. तिचं झाल्यावर उरलेलं सगळ्यांना. शरणम्मांनीच पातेलं उचललं. "तू ताट मांड म्हणलं तर सकाळ होईल," असं म्हणत त्यांनी समृद्धीच्या ताटात डाव उलटा केला. सोप्यात पुन्हा गाणं सुरू झालं. कोबीच्या वरच्या पानांचा ढीग ओट्यावर पसरला होता. शिवप्रियानं ती पानं पाटीत भरली आणि मागच्या दारानं गोठ्याकडं निघाली.

गोठ्याशेजारी टेम्पो उभा होता. आज उमरग्याचा आठवडी बाजार. हौद्यात कोबी रचून झाली होती आणि शिवलिंग दोर आवळत होता. शिवप्रिया दावणीशी वाकली, तसा तो तिथूनच म्हणाला, "ए प्रिया, ती पानं म्हशीला टाकू नको."

"का?"

"रेडकू पितंय अजून. दुधात उतरतंय."

"काय उतरतं?"

त्यानं दोराची गाठ मारली. "ही बाजाराच्या ढिगातली पानं दिसतेत. परवा फवारलंय."

शिवप्रियाच्या हातातली पाटी तशीच राहिली. "ही घरच्या ओळीतली आहेत. तूच पाठवलेस गड्डे."

"पाठवले की. लई किडके होते." शिवलिंगनं आता तिच्या पाटीकडं नीट बघितलं. एक पान उचलून उलटंपालटं केलं. त्याला कुठंच भोक नव्हतं. "हे मी पाठवलेले न्हाईत."

म्हैस मान लांब करून पाटीकडं येत होती. शिवप्रियानं पाटी म्हशीपासून दूर, चाऱ्याच्या पलीकडं फेकली आणि घराकडं धावली. धावताना तिच्या तोंडात पाणी सुटलं. ते भीतीनं सुटलं की मीठ बघायला घेतलेल्या त्या चमच्यानं, हे तिला कळेना. लाळ सुटणं हे फवाऱ्याच्या विषबाधेचं पहिलं लक्षण, एवढं मात्र तिला नको तितकं स्पष्ट आठवत होतं.

सोप्यात समृद्धी पाटावर बसली होती. हिरवी साडी, हातात चुडा, केसांत शेवंती. डोळे मिटून ती खात होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की शिवप्रिया उंबऱ्यावर क्षणभर थबकली. ताटातलं निम्मं संपलं होतं. या घरात ताटात टाकायची पद्धत नव्हती. वाढलं तो प्रसाद. शेवटचं शीत खायचं, ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि तेही प्यायचं. समृद्धी लहानपणापासून हेच करत आली होती आणि आजही करणार होती.

आत्ता थांबवावं तर गावातल्या बायका बघत होत्या. डोहाळ्याचा घास तोंडातून काढला हे आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. आणि का काढला असं कुणी विचारलं तर उत्तरात विष हा शब्द आला असता. ज्या पोराला शंभुलिंगचा हिस्सा जायचा त्याच्या आईच्या ताटात, मोठ्या अप्पांच्या घरात, विष.

शिवप्रिया खाली बसली आणि तिनं वहिनीचं मनगट धरलं.

"वैनी, थांबा."

"का हो? लई भारी झालंय."

"आत चला. चूळ भरा आधी."

गाणं विसकटत थांबलं. शरणम्मा पुढं आल्या. "काय चाललंय? भरल्या ताटावरनं उठवतीस?"

"मोठी अव्वा, तुम्ही पण आत या."

माजघराचं दार लावल्यावर शिवप्रियानं एकच प्रश्न विचारला. गड्डे कुणी बदलले? शरणम्मांनी आधी पदर सारखा केला.

"मी बदलले," त्या म्हणाल्या. "शिवलिंगनं पाठवलेल्या एकेका गड्ड्यात वळवळत होतं. डोहाळ्याच्या ताटाला किडकं चालतंय का? अळी कापली, मेली, तर शुभाच्या दिवशी जीव घेतल्याचं पाप. बाजाराच्या ढिगातले चांगले बघून दिले. चांगलेच दिले की."

"ढीग फवारलेला होता."

 शिवप्रियाला वाटलं होतं शरणम्मा भांडतील. त्यांनी भिंतीला हात लावला आणि हळूच खाली बसल्या. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं," त्या म्हणाल्या. "मी फकस्त अळीच बघितली."

मल्लम्मांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती दिवाळीतली नजर होती. "ध्यानात न्हाय आलं?"

"मल्लू, माझ्या लेकराची शपथ."

"तुझ्याच लेकराची घे. माझ्या लेकाचं अजून जन्माला यायचं हाय."

"अव्वा," समृद्धी म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. आवाज अगदी बारीक. "मला सांगा तरी, मी काय खाल्लंय?"

तेवढ्यात महांतप्पा आत आले. बाहेरच्या बायकांना त्यांनी पुरणपोळीवर बसवलं होतं आणि सुनेला गरगरतंय असं सांगितलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "धुतली होती का कोबी?"

"धुतली होती. वरची पानं काढली होती. शिजवली होती."

"मग झालं तर. अर्धं त्यातच गेलं. इतकी वर्षं आपण विकतोय. एक माणूस मेलेलं ऐकलं का?"

शिवप्रियाला माहीत होतं की त्यांचं म्हणणं सगळं खोटं नाही. गड्ड्याच्या आतल्या पानांवर औषध कमी पोचतं. धुण्यानं काही जातं, शिजवण्यानं काही. सात महिन्यांचं पोट नसतं तर तिनंही स्वतःची समजूत काढली असती. पण किती मारलं होतं, कशात काय मिसळलं होतं, हे ठाऊक नसताना उरलेलं अर्धं म्हणजे किती?

"मग घरची ओळ कशाला ठेवता, मोठे अप्पा?" ती म्हणाली.

 खिडकीतून टेम्पोचा आवाज आला. महांतप्पा खिडकीशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जा तू. बाजार भरला असंल." मग वळून शिवलिंगकडं पाहिलं, तो मागच्या दारात कधी येऊन उभा राहिला कुणाला कळलं नव्हतं. "जीप काढ. उमरग्याला दाखवून आण. पण दवाखान्यात फवारणीचं नाव काढायचं न्हाय. पित्त झालं म्हणायचं."

"पित्तावरचं औषध देतील मग," शिवप्रिया म्हणाली.

"विष म्हणलं की पोलिसात कागद जातो, पोरी. घरात सून, वाटणी तोंडावर, अन् विष. कोण काय म्हणंल? तुझी मोठी अव्वा जाईल आत. जाऊ दे?"

शरणम्मा जमिनीकडं बघत होत्या. मल्लम्मांनी, ज्यांनी आत्ताच जावेला शाप दिल्यासारखं बोलून घेतलं होतं, त्यांनीच आता दिराकडं पाहून मान हलवली. "पित्तच म्हणू," त्या पुटपुटल्या. शिवप्रियाला आईचा पहिल्यांदाच राग आला आणि त्याच वेळी ती का भ्याली हेही कळलं.

जीपमध्ये शिवप्रिया मागं समृद्धीशेजारी बसली. दर थोड्या वेळानं ती वहिनीची हनुवटी उजेडाकडं फिरवून डोळ्यांतली बाहुली बघे. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली तर वेळ थोडा. अजून झाली नव्हती. पण दुपारच्या झगझगीत उन्हात सगळ्यांच्याच बाहुल्या बारीक होतात, त्यामुळं ती हाताची सावली करून पुन्हा बघायची.

"घाम येतोय का?"

"येतोय. पण साडी जड हाय."

"पोटात कळ?"

"न्हाय." मग थोडं थांबून, "वन्सं, ते हलत न्हाय."

"कधीपासून?"

"जेवायला बसले तेव्हा हललं होतं. मग न्हाय."

पुढं बसलेल्या मल्लम्मांनी डोळे मिटले आणि ओठ हलवू लागल्या.

"दादा," शिवप्रिया म्हणाली, "औषधाचं नाव सांग."

शिवलिंगनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "नाव कुठं ठाऊक असतंय. दुकानदार देतो, आपण मारतो."

"बाटलीवर विषाचा त्रिकोण असतो, तो कुठल्या रंगाचा होता? तांबडा का पिवळा?"

"बघितला न्हाय."

"एकच मारलंस का दोन मिसळून?"

"प्रिया, अप्पा काय म्हणले ऐकलंस ना."

"ऐकलं. मी डॉक्टरांना सांगणारच आहे. पण मला अर्धंच माहीत आहे. उरलेलं तुला."

त्यानं गिअर बदलला. हायवेवर हैदराबादकडच्या मोठ्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या आणि प्रत्येक ट्रकमागं अडकलं की समृद्धी तिचा हात जास्त घट्ट धरायची. मागच्या वेळी डंडीतही असंच झालं होतं, ती सांगू लागली. हलायचं थांबलं आणि तिला वाटलं झोपलं असेल. दिवसभर तिनं वाट बघितली, कुणाला त्रास द्यायला नको म्हणून. शंभुलिंग ऑफिसात होता. 

दवाखान्यात गर्दी होती, पण सात महिन्यांचं पोट बघून आत घेतलं. डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील, हातात सुरकुतलेले मोजे, बोलणं तुटक.

"काय होतंय?"

मल्लम्मांनी तोंड उघडलं. "पित्त..."

"कोबी खाल्ली," शिवप्रिया म्हणाली. "परवा फवारलेली. अर्धं ताट. औषध कुठलं ते माहीत नाही."

मल्लम्मांनी तिच्या दंडाला चिमटा काढला. चिमटा नव्हताच तो, त्यांनी नुसता आधार धरला होता. डॉक्टरबाईंनी समृद्धीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. आत्ता काही दिसत नाही, असं त्या म्हणाल्या, पण चेहरा सैल झाला नाही. "काही औषधं उशिरा चढतात. काहींना उतारा आहे, काहींना नाही. नाव नसेल तर मी कशावर लक्ष ठेवू?"

सगळ्यांनी शिवलिंगकडं पाहिलं. तो दाराशी उभा होता, हातात जीपची चावी.  त्यानं कुणाकडंच बघितलं नाही, वळला आणि बाहेर गेला.

शिवप्रियाला जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. गेला, तिच्या मनात आलं. घरी जाऊन बापाला सांगेल. नर्सनं पडदा ओढला आणि समृद्धीच्या पोटावर गार जेल लावलं. यंत्र फिरवायला सुरुवात केली. आधी नुसती खरखर. नर्सनं यंत्र खाली सरकवलं, डावीकडं नेलं. खरखर. समृद्धी छताकडं बघत होती, श्वास रोखून, आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं. तेही एक लक्षण, शिवप्रियाच्या डोक्यानं सांगितलं, आणि तिला स्वतःच्या डोक्याची घृणा आली. नर्सनं यंत्र उलट्या बाजूला दाबलं.

आणि मग तो आवाज आला, जलद, घोड्यानं टापा टाकाव्यात तसा.

"हाय," नर्स म्हणाली. "पाठ फिरवून बसलंय."

समृद्धीनं तोंडावर हात धरला. मल्लम्मा पडद्याबाहेर जमिनीवरच बसल्या.

शिवलिंग आत आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. त्रिकोण पिवळा होता, तांबड्याखालोखाल विषारी. "सीटखाली होती," तो म्हणाला. "मातीत पुरायची राहिली होती. ह्यात आणखी एक पूड मिसळली होती. तिचा पुडा जाळला, पण दुकानदाराला विचारतो मी. प्रमाण डबल घेतलं होतं. अळी हटत नव्हती."

"कागदावर तुमचं नाव येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझंच घाला. पंप माझ्याच पाठीवर होता."

त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. भरून जवळ ठेवा, लागलंच तर देऊ. आज रात्र इथंच राहायचं, दर तासाला बाळाचे ठोके बघायचे. बहुतेक निभावेल, पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. मग कागद पुढं ओढून त्यांनी लिहायला सुरुवात केली. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"ही कोबी आणखी कोणी खाल्ली?"

"मी चमचाभर," शिवप्रिया म्हणाली. "घरात बाकी कुणी नाही. पहिला मान वहिनीचाच होता."

"घरात कुणीच न्हाय," मल्लम्माही खालून म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच सुटकेचा सूर होता.

शिवलिंगनं तोवर खिशातून मोबाईल काढून कानाला लावला होता. "कुठं हायस?" त्यानं विचारलं. "माल उतरवलास का?" पलीकडचा ड्रायव्हर बराच वेळ काही सांगत होता. बाजारातला गलका मोबाईलमधून खोलीत येत होता, आणि पडद्यामागून बाळाचे ठोके. शिवलिंगनं हात खाली घेतला. डॉक्टरबाई अजून उत्तराची वाट बघत होत्या, पेन कागदावर टेकवून.

"किती जणांनी नेली," तो म्हणाला, "ते आता न्हाय सांगता येणार."